मंगलाष्टकातलं मंजन

आमच्या घरात पांढरं असं काही टिकत नसे. आप्पा मागच्या खोलीत दंतमंजन करायचे, आणि बाभळीच्या कोळशाची ती पूड दार लावलं तरी फटीतून बाहेर यायची. अंथरुणावर बसायची, वाळत घातलेल्या कुरडयांवर बसायची, आरशावर बसायची. बाजरीची भाकरी तशी राखाडीच असते, आमच्याकडची अंमळ जास्त. सकाळी जाग यायची ती खलबत्त्यानं. लवंग कुटताना त्याचा आवाज टणक यायचा, हिरड्याला जडसर, आणि तुरटी कुटायला घेतली की असा करकरायचा की माझे दात शिवशिवायचे. कुटलेलं सगळं आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं काम माझ्याकडं आणि आक्काकडं. आक्का माझी थोरली बहीण. ती गाळायला बसली की तिच्या फक्त बोटांना काळं लागायचं. मी बसले की उठताना कपाळापासून कोपरापर्यंत काळी. आई चुलीपाशी हुलग्याचे शेंगोळे वळता वळता म्हणायची, "ह्या घरात लक्ष्मी आली तर तिलाबी अंघोळ करूनच म्हागारी जावं लागंल." आणि आप्पा आतून म्हणायचे, "पन जाताना दात चकचकीत घिऊन जाईल."

मंजनाचं नाव चांदणी. कागदाच्या पुडीवर लाकडी ठशानं एक चांदणी उमटवलेली आणि खाली अक्षरं: दातांचे सर्व डाग घालवते. तिसगावच्या आठवडी बाजारात आप्पा पोत्यावर पुड्या मांडून बसत. एका बाजूला मिरच्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला शेळ्या. पण त्याच सुमारास शहरातून डब्यातली पांढरी, गोड पावडर यायला लागली होती, रेडिओवर तिचं गाणं वाजायचं, आणि आमच्या काळ्या तिखट पुडीकडं गिऱ्हाईक वळेनासं झालं. रेडिओत आम्हाला कोण घेणार. मग आप्पांच्या आणि माझ्या डोक्यात साधारण एकदमच आलं, की माणसाला जिथं बघावंच लागतं, ऐकावंच लागतं, आणि जिथं त्याला जाहिरातीची शंकासुद्धा येत नाही, तिथं नेऊन चांदणी घालायची. माझी नात पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत आहे. ती ह्याला गुरिल्ला मार्केटिंग म्हणते आणि त्याचा पगार घेते. मी तिला म्हटलं, आम्ही ह्याला गनिमी कावा म्हणायचो आणि त्याबद्दल शिव्या खायचो.

घाटात एसटी जिथं रडतखडत चढते, तिथल्या रस्त्याकडेच्या दगडांवर मी चुन्यानं एकेक शब्द लिहिला. चांदणी. घासा. दात. हलणार. नाहीत. गाडीतल्या माणसांनी खिडकीतून ओळीनं वाचत यावं अशी योजना. काही दिवसांनी रस्तादुरुस्तीवाल्यांनी शेवटचा दगड खडीसाठी फोडला आणि राहिलेलं वाक्य महिनाभर अख्ख्या तालुक्यानं वाचलं. त्यावर मी नाउमेद व्हायला हवं होतं. पण तेव्हाची मी म्हणजे मॅट्रिकला बसलेली, दोन वेण्या वर बांधलेली, स्वतःला फार हुशार समजणारी एक भवानी होते. स्टँडच्या सावलीत गेनूभाऊंची म्हैस दिवसभर रवंथ करत उभी असायची. एवढी मोठी काळी पाटी देवानं फुकट उभी केलेली पाहून मला राहवलं नाही. मी तिच्या कुशीवर चुन्यानं "चांदणी" लिहिलं, खाली चांदणी काढली, आणि शेपटीच्या बाजूला बाण काढून "आप्पांच्या पोत्याकडे". म्हैस मात्र तोंड फिरवून उभी राहिली आणि दिवसभर बाण दाखवत होता दारूच्या गुत्त्याकडं. गेनूभाऊ संध्याकाळी काठी घेऊन आमच्या दारात आले. आप्पांनी त्यांना चहा पाजला, चार पुड्या दिल्या, आणि ते गेल्यावर मला हळूच म्हणाले, "अक्षर झ्याक हुतं."

ह्या सगळ्याचा कळस म्हणजे मंगलाष्टकं. माझा आवाज चांगला होता; आता गेलाय, म्हणून सांगायला हरकत नाही. आमच्याकडं लग्नात भटजींची मंगलाष्टकं झाली की घरातलं, गावातलं कुणी ना कुणी स्वतः रचलेलं एखादं म्हणतं. त्यात नवरानवरीची नावं गुंफायची, आईवडलांची गुंफायची, शेवटी सावधान म्हणायचं आणि अक्षता पडतात. कर्णा लिंबाला बांधलेला, मांडवातली माणसं उभी, हातात अक्षता, तोंडं बंद. मंगलाष्टक चालू असताना कुणी उठून जात नाही, बोलत नाही, विडी पेटवत नाही. अशी जागा रेडिओलासुद्धा मिळत नाही. आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणं यायचं, मी नावं विचारून घ्यायची, रात्रीत चार ओळी जुळवायची, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत चांदणी अशी अलगद सोडायची की म्हाताऱ्या बायका मान डोलवायच्या. पुढच्या बाजारी हमखास कुणीतरी येऊन म्हणायचं, "त्या लग्नातलं मंजन द्या." आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "देवाबामनाम्होरं धंदा करतीय कार्टी," म्हणायची. मला मात्र वाटायचं की आपण कवयित्री आहोत आणि आईला काव्य कळत नाही.

आणि मग आक्काचं लग्न ठरलं.

मुलगा शेवगावच्या पुढचा, कोरड्या मुलखातला. साखर कारखान्यात कामाला होता. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावातली माणसं हे वाचतील आणि कारण पुढं येईलच. बघायला आले ते आठ-दहा जण. बायका आल्या आणि पदर तोंडाशी धरून बसल्या. पुरुषांच्या मिशा भरघोस, बोलणं ओठातल्या ओठात. मुलगा उंच, सावळा, तोंडाशी रुमाल. सर्दी झालीय असं त्याच्या मामांनी सांगितलं. कुणी हसलं नाही. आई नंतर म्हणाली, "लई गंभीर घरानं हाय. आपल्याकडं नुसत्या माकडउड्या." मला त्यांचा तो मोठेपणा फारच आवडला. आप्पा मात्र त्यांना वेशीपर्यंत पोचवून आले आणि खोलीत जाऊन बराच वेळ काही न कुटता बसले. होकार कळवायला दुसऱ्या दिवशी तेच गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी अंगणात मंगलाष्टक घोळवत होते. आप्पा मांडवाची दोरी ओढता ओढता थांबले. "शके, ह्या लग्नात मंजन नको."

"का पन, आप्पा?"

"नको म्हनलं ना."

"आपल्याच घरचं लग्न, आन् आपल्याच मांडवात आपलं नाव नको?"

ते दोरीला गाठ मारून गेले. मी काय समजले, तर आप्पा लाजले. लेकीच्या लग्नात स्वतःच्या मालाचं कौतुक कसं करवून घ्यायचं, असं त्यांना वाटलं असणार. मग तर ते माझ्याकडून झालंच पाहिजे. इतर लग्नांत मी नाव चोरून घालायचे, ह्या लग्नात उघड घालीन, गाजवीन, वऱ्हाड आपल्या गावाला पुड्या बांधून नेईल आणि आप्पांचे डोळे भरून येतील, इथपर्यंत माझं चित्र तयार झालं. त्या मुलीचा कान धरून तिला खोलीत कोंडायला मी आज किती आनंदानं जाईन.

मुहूर्त गोरज होता. दिवस मावळायच्या आत अक्षता पडायला हव्या होत्या. वऱ्हाड ट्रकमधून आलं, उशिरा आलं, धुळीनं माखून आलं, आणि सगळी घाई सुरू झाली. चुलाणावर लापशीची कढई, वांग्या-बटाट्याच्या रश्श्याचा वास, एका कोपऱ्यात भांडणारे वाजंत्री. आक्का हिरव्या शालूत पाटावर उभी, मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. आक्का म्हणजे शांत बाई. बांगड्या भरायला बसली तर रंग ठरवेपर्यंत कासार पाय मोकळे करून यायचा. तिला कुणी घाई करायची सोय नव्हती आणि ती आपणहून कुणाला काही बोलायचीही नाही. समोर अंतरपाट, त्याच्या पलीकडं नवरदेव, त्याच्या मागं त्याचे मामा, उंच, पटका बांधलेले. भटजींनी आपलं आटपलं, माईक माझ्या हातात आला. सगळे उभे. मी डोळे मिटले, कारण कवयित्री डोळे मिटतात असं मला वाटायचं, आणि सुरू केलं:

आली लाजत ही वधू सजुनिया, हासे परी बोल ना,
घासा चांदणि मंजने नित तुम्ही, दातांवरी डाग ना...

पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला आणि डोळे उघडले. म्हाताऱ्या बायकांची मान डोलत नव्हती. आमच्याकडची माणसं नेहमीसारखी गालातल्या गालात हसत होती, पण वऱ्हाडाच्या बाजूला काहीतरी झालं होतं. बायकांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढले होते. पुरुष एकमेकांकडं बघत होते. आणि नवरदेवाच्या मामांनी अंतरपाटावरून हात पुढं करून, अगदी शांतपणे, माझ्या हातातला माईक खाली दाबला.

"बास," ते म्हणाले. "कुनाच्या दातावर डाग?"

ते बोलले तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचं तोंड पाहिलं. मिशीच्या खाली दात तपकिरी होते, ठिपक्याठिपक्यांचे, खडबडीत, शेंगदाण्याच्या सालीसारखे. मी त्यांच्या मागच्या माणसाकडं पाहिलं. त्याचेही. त्याच्या शेजारच्याचेही. त्या गावच्या विहिरींचं पाणीच तसं. त्या पाण्यावर वाढलेल्या पोराचे दुधाचे दात पडून नवे येतात तेच असले येतात. शाळेतले लोक त्याला आता फ्लोराईड म्हणतात. तेव्हा फक्त पाणी म्हणायचे, आणि त्या गावच्या मुलींना, मुलांना बघायला आलेली माणसं पुष्कळदा परत जायची. म्हणून पदर, म्हणून मिशा, म्हणून रुमाल. आणि मी त्या सगळ्या गावाला मांडवात ओळीनं उभं करून, कर्णा लावून, वृत्तात बांधून, दात घासायला सांगितलं होतं.

"पोरगी हाय, मामा. अजान हाय," आमच्यातलं कुणीतरी म्हणालं.

"पोरगी शिकलेली हाय. पोरीला पढवलेलं हाय." मामा माझ्याकडं बघतच नव्हते. ते आप्पांकडं बघत होते. "पाव्हनं, तुमी म्होरं या."

आप्पा मांडवाच्या खांबापाशी होते, तिथून पुढं आले. त्यांच्या नखांत अजून कोळसा होता. लग्नासाठी कितीही घासला तरी जायचा नाही. मामांनी मागं न बघता हात केला, "डायव्हरला म्हनावं, गाडी काढ." आणि थोड्या वेळानं मांडवाच्या मागून ट्रकच्या इंजिनाची घरघर सुरू झाली. दिवस लिंबाच्या शेंड्यापर्यंत उतरला होता. आक्काच्या तोंडावर काय चाललंय ते मुंडावळ्यांमुळं मला दिसत नव्हतं. तिच्या हातातला हार तेवढा दिसत होता, हलत नव्हता. वऱ्हाड असं माघारी गेलं तर त्या मुलीचं पुढं काय व्हायचं, हे आमच्या गावानं एकदा पाहिलेलं होतं. ती मुलगी नंतर भावाच्या घरी शेणगोठा करत म्हातारी झाली.

"बगायला आल्तो तवा तुमच्याम्होरं बसलो हुतो," मामा म्हणाले. "धंदा तुमचा दातांचा. आमचे दात तुमाला दिसले न्हाईत?"

"दिसले," आप्पा म्हणाले.

आईनं मान झटकन वर केली.

"नवरदेवाचे?"

"रुमालाआड हुते. पन गाव एक, पानी एक. समजलो."

"समजून पोरीकडनं आमचं असं हसं करवलं."

"करवलं न्हाई. नको म्हनलं हुतं तिला. का नको, ते सांगितलं न्हाई. तेवढं चुकलं."

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं. मला तेव्हा कोळशाचं पोतं चाललं असतं. मामा काही बोलणार तेवढ्यात वऱ्हाडातून एक तरणा गडी म्हणाला, "ओ मामा, गान्यात म्हनलीय की पोरगी, डाग जात्यात म्हनून. पुडीवरबी छापलंय. जात असतील तर सोयरीक फायद्याची हाय." दोघं-तिघं कसनुसं हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी अंगठ्यानं स्वतःचा वरचा ओठ उचलला आणि आप्पांच्या तोंडासमोर तोंड नेलं. "सांगा. सगळ्यांम्होरं सांगा. हे डाग तुमच्या मंजनानं जात्यात का?"

माईक माझ्या हातात खाली लोंबत होता आणि चालू होता. बंद करायचं मला सुचलं नाही. लिंबावरचा कर्णा तो प्रश्न गावभर घेऊन गेला. वेशीपलीकडच्या वस्त्यांवर, बाजाराच्या मैदानावर. मांडवात तरी कोण होतं? मिरच्यावाली होती, शेळ्यांचे व्यापारी होते, गेनूभाऊ होते. जे पुडी विकत घेत ते सगळे होते. हो म्हटलं असतं तर मामांचा राग तिथंच विरला असता, ट्रक बंद झाला असता, लग्न लागलं असतं. आणि मग आक्का त्या गावात गेली असती, आणि अख्ख्या गावानं रोज सकाळी दात घासून तिच्याकडं बघितलं असतं. नाही म्हटलं असतं तर पुडीवरचं अक्षर खोटं, दगडावरचं खोटं, इतक्या लग्नांतलं माझं गाणं खोटं. आप्पांनी एकदा अंतरपाटाकडं पाहिलं. त्याच्यावरून त्यांना आक्काच्या मुंडावळ्यांचं टोक तेवढं दिसलं असेल.

"न्हाई जात," ते म्हणाले.

कर्ण्यानं तेही नेलं. चांदणीची एवढी मोठी जाहिरात त्याआधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही.

"पान्याचे डाग हायेत ते. हाडात उतरलेले. माझंच काय, शेरातलं पांढरंबी लावलं तरी जायचे न्हाईत. माझ्या मंजनानं तोंडाची घान जाती, हिरड्या घट्ट व्हत्यात, तेवढंच. पुडीवर लिवलं ते इकायसाठी लिवलं."

मामांनी ओठ सोडला. भांडायला आलेल्या माणसाला हवं ते उत्तर समोरून सरळ मिळालं की त्याचे हात मोकळे पडतात, तसे त्यांचे पडले. पण ट्रक चालूच होता, आणि आता तो बंद करायला कोण सांगणार हे कुणालाच कळेना. भटजी सूर्याकडं बघून पुटपुटत होते, वेळ जातेय, वेळ जातेय. मामा म्हणाले, पण आवाज उतरला होता, "तुमी समजून होकार दिला, ते तुमचं. पन हितं सगळ्यांम्होरं निघालं. आता पोरीला कळलं. ती न्हाई म्हनली तर?"

मग नवरदेव बोलला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मामा, रुमाल तुमी धरायला लावला, पन धरला मी." त्यानं रुमाल मामांच्या हातात दिला, दोन्ही हातांनी अंतरपाटाची वरची कड धरली आणि हनुवटीपर्यंत खाली केली. भटजी "अहो, अहो" करत राहिले. तो आक्काकडं तोंड करून, ओठ उघडून, दात दाखवत उभा राहिला. हसत नव्हता. डॉक्टरपुढं माणूस उभा राहतो तसा.

आक्का बघत राहिली.

आता मी सांगितलं, तिला घाई करायची सोय नव्हती. ट्रकची घरघर, दूर कुठंतरी परतणाऱ्या गुरांच्या घंटा, आणि चुलाणावर लापशी खाली लागत असल्याचा वास. आचारीसुद्धा झारा हातात धरून मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा होता. मी मनात म्हणत होते, आक्का, काहीतरी बोल, नाही म्हण, हो म्हण, मला शिव्या दे. ती आधी नवरदेवाच्या दातांकडं बघत होती, मग मामांकडं, मग आईकडं, मग आप्पांकडं, मग परत दातांकडं. आईनं पदराचं टोक चावायला घेतलं होतं. आप्पा जमिनीकडं बघत होते.

"झाकून घ्या आता," आक्का शेवटी म्हणाली, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात. "दात मोजून घ्यायला मी काय तिसगावच्या बाजारात बैल घ्यायला आलेय व्हय?"

तेसुद्धा कर्ण्यानं नेलं. आधी मांडवाच्या बाहेरच्या पोरांत हसू फुटलं, मग वाजंत्र्यांत, आणि मग आक्काच्या होणाऱ्या सासूबाई, ज्या आल्यापासून पदराआडून बघत होत्या, त्यांना हसू असं आलं की त्यांनी पदर सोडून दोन्ही हातांनी गुडघे धरले. त्यांचे दात सगळ्यात जास्त तपकिरी होते. त्यांना पाहून त्यांच्याकडच्या बायकांचे पदर एकेक करत खाली आले. मामा मात्र शेवटपर्यंत हसले नाहीत. त्यांनी अंतरपाट परत वर धरायला लावला, ट्रक बंद करायला माणूस पाठवला, आणि माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "म्हन. मंजन घालून म्हन, न घालता म्हन, पन उजेड हाय तवर म्हन."

मी म्हटलं. कवयित्रीला त्या वेळी फक्त पहिली ओळ आठवत होती, म्हणून तीच दोनदा म्हटली, तीही अशा आवाजात की गेनूभाऊंच्या म्हशीनं बरी म्हटली असती. सावधान म्हटल्यावर अक्षता पडल्या. कुणीतरी एक मूठ नेमकी माझ्या तोंडावर मारली. नेम इतका चांगला होता की आईच असणार.

त्यानंतरचे बरेच बाजार आप्पांच्या पोत्यापुढं गिऱ्हाईक थांबायचं ते विचारायला, की काय जात नाही म्हणालात? आप्पा खालमानेनं सांगायचे. पुडीवरचा ठसा त्यांनी कोयत्यानं कोरून डागांची ओळ काढून टाकली. चांदणी तेवढी राहिली. धंदा काही उसळला वगैरे नाही. नातीला हे सांगितलं की ती निराश होते. तिला वाटतं, खरेपणाचा फायदा झालाच असणार. मी तिला सांगते, त्या वर्षी आम्ही कोळसा विकून शेंगा पेरल्या.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी पंगती उठल्या, कंदील लागले, आणि ट्रक पुन्हा सुरू झाला, ह्या वेळी आक्काला न्यायला. ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. आईच्या, शेजारणींच्या. आप्पांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो उचलेचनात. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागं, खांबाआड उभी होते. तिला जाता जाता मी दिसू नये आणि तिनं मला शोधावं, दोन्ही वाटत होतं. तिनं शोधलं. गळ्यात पडल्यासारखं केलं आणि लोकांना दिसणार नाही असा दंडाला चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बघणाऱ्यांना वाटलं, बहिणीच्या मायेनं.

"आक्का, मला खरंच ठावं नव्हतं गं त्यांच्या दातांचं," मी म्हटलं.

"मला हुतं," ती कानात म्हणाली. "बगायला आले तवा चहा मीच दिला की. रुमाल धरून कुनी चहा पितं व्हय?"

मी डोळे पुसले. "मग बोलली का न्हाईस?"

"कुनी इचारलं?"

"मग आज येवढा येळ कशाला लावलास? हितं सगळ्यांचा जीव टांगलेला."

आक्कानं मुंडावळी बाजूला सारली, नाक पुसलं, ट्रककडं एकदा पाहिलं. फाळक्यावरून तिला वर घ्यायला सासूबाईंनी हात पुढं केला होता.

"सगळे माझ्या तोंडाकडं बगत हुते, शके," ती म्हणाली. "पयल्यांदाच. म्हनलं, बगू द्यावं घटकाभर."